एकाच माणसाच्या सतरा जीन्स

खोकं

खोकं मंगळवारी दुपारी आलं. पोस्टमनने ते ओसरीवर टेकवलं, कंबर चोळली आणि म्हणाला, ओझेलाबाई, पोराने अख्खं जहाज पाठवलं की काय.

आईने ते लगेच उघडलं नाही. हात धुतले. कॉफी प्यायली. मग मला विलोडीन मावशीला आणि मोझेल मावशीला बोलवायला पाठवलं. कपड्यांचं खोकं एकटीने उघडायचं नाही, ही नदीच्या आमच्या वळणावरची रीत. माणूस गेला की महिन्याच्या आत बायका त्याच्या घरी जमतात. चर्चला जायचा सूट भावाला नाहीतर पुतण्याला जातो. शेतात, गिरणीत, गोदीत झिजलेल्या जीन्स त्याच्या बायकोसाठी किंवा आईसाठी वेगळ्या काढतात. त्यांची गोधडी होते. त्या गोधडीत दुसऱ्या कुणाचा तुकडा घालायचा नाही, बोटभरही नाही. का, ते कुणी विचारत नाही. पांघरणाऱ्याला माहीत असतं.

या वेळी मात्र कुणी गेलेलं नव्हतं.

आई शहात्तर वर्षांची. अशा अकरा गोधड्या तिच्या हातून झाल्या. माझ्या वडिलांची त्यातलीच एक. उन्हाळ्यात तिने माझ्याकडून पत्र लिहून घेतलं, कारण बारीक अक्षर आता तिला दिसत नाही. मजकूर तिचाच होता: क्लीवॉन, मेलेल्यांच्या पुष्कळ झाल्या. डोळे आहेत तोवर एक जिवंत माणसाची शिवायची आहे. तुझ्या कामाच्या जुन्या जीन्स पाठव.

क्लीवॉन माझा थोरला भाऊ. बावीस वर्षं झाली मोबील शहराच्या गोदीत वेल्डर आहे. दर ऑगस्टला चर्चच्या मेळाव्याला घरी यायचा. गेले तीन ऑगस्ट आला नव्हता. पत्रं येत होती. काम जोरात आहे, सुटी नाही, तब्येत बरी.

खोक्यातली चिठ्ठीही तशीच:

*आई, सतरा आहेत. पुरतील. धुऊन पाठवल्यात. काम जोरात. वर्नाला नमस्कार. क्लीवॉन.*

वर्ना म्हणजे मी.

गुडघे

जीन्स पलंगावर मावेनात, म्हणून जमिनीवर मांडल्या. तिघी खुर्च्यांवर आणि मी खाली, उकडलेल्या शेंगांचं भांडं मध्ये. आधी नुसतं बघायचं असतं. कुठला भाग कुठे जाईल ते बघताना ठरतं: पोटरीच्या मागचं कापड सगळ्यात दणकट, ते कडेला. खिसा उसवला की खाली गडद निळा चौकोन निघतो, तो मधे. गुडघे फिके, ते उजेडासाठी.

विलोडीन मावशी आईपेक्षा चार वर्षांनी लहान आणि चाळीस वर्षांनी तिखट. तिच्या हातात काठी असते. त्या काठीने ती एकेक जीन्स वाचत गेली.

पहिली. दोन्ही गुडघे पांढरे. फरशा बसवणारा, मावशी म्हणाली, नाहीतर फार देवभोळा.

दुसरी. डावा गुडघा विरलेला, उजवा कोरा.

तिसरी. उजवा विरलेला, डावा कोरा.

मोझेल मावशी म्हणाली, दमला की बदलत असेल.

चौथी. गुडघे नवेकोरे, बूड आरशासारखं. ट्रकवाला.

पाचवी. मागच्या खिशावर तंबाखूच्या डबीचा गोल. इथे आईने शेंग सोलणं थांबवलं. क्लीवॉनने तंबाखूला कधी हात लावलेला नाही.

सहावी. पाकिटाचा चौकोन डाव्या खिशावर.

सातवी. पाकिटाचा चौकोन उजव्या खिशावर. माणूस पाकीट बदलतो, खिसा बदलत नाही, हे मोझेल मावशीनेच सांगितलं. मघाशी तिने बाजू सांभाळून घेतली होती, आता तिच्याही तोंडून निघून गेलं.

आठवीच्या पायाची दुमड टाचेखाली चिरडलेली. बुटका माणूस.

नवव्या जीन्सपाशी काठी थांबली.

"ओझेला," विलोडीन मावशी म्हणाली, "तुझ्या पोराला गुडघे किती आहेत गं?"

आईने वाकून एकेका कमरेची पट्टी उलटून पाहिली. सगळ्यांवर आकडा तोच होता, चौतीस. क्लीवॉनचाच. म्हणजे ज्याने कुणी या निवडल्या त्याने कंबर बघून निवडल्या होत्या.

"आणखी एक सांगू का?" मावशीने विचारलं.

"नको सांगू," आई म्हणाली.

मावशीने सांगितलंच. तिचा नवरा होझिया काकाही वेल्डर होता. वेल्डरच्या जीन्सवर मांडीपासून नडगीपर्यंत ठिणग्यांची भोकं असतात, टाचणीच्या डोक्याएवढी, कडा करपलेली. काकाची गोधडी दोरीवर वाळत घातली की पलीकडचं आभाळ दिसतं. या सतरांत एकही भोक नव्हतं.

जे नाही ते

मोझेल मावशी म्हणाली, जुन्या उरल्या नसतील, मित्रांकडून मागून घेतल्या असतील.

विलोडीन मावशी म्हणाली, गोदीतल्या वेल्डरचे मित्र काय बेकरीत काम करतात?

मोझेल मावशी म्हणाली, तुरुंगात तर नसेल. तिचा पुतण्या होता, तेव्हा त्याच्या पत्राच्या पाकिटावर तुरुंगाचा शिक्का असायचा. क्लीवॉनच्या पाकिटावर नसतो.

मी म्हणाले, जिवंत तर आहे, चिठ्ठीतलं अक्षर त्याचंच आहे.

आईने जीन्स घड्या घालून परत खोक्यात भरल्या. एकीलाही ब्लेड लावलं नाही. ज्या तिघींनी आजवर कपड्यांवरून डझनांनी माणसं वाचली, त्यांना हा एक माणूस वाचता येईना. दुसऱ्या एखाद्या घरात सरळ फोन करून विचारलं असतं. आमच्याकडे तसं करत नाहीत. कपड्याने जे सांगितलं त्याची खात्री कपड्याकडूनच करायची.

रात्रीचं जेवण झाल्यावर भांडी पुसताना आई म्हणाली, "मला बाकी काही नको कळायला. तो धड आहे का, एवढंच."

शनिवारी तिने मला बसमध्ये बसवलं. विचारू नकोस, तिने बजावलं. विचारलंस की तो बरं आहे म्हणणार, ते म्हणून म्हणून त्याचं तोंड गुळगुळीत झालंय. त्याची स्वतःची एक जीन्स आण. अंगात असेल ती उतरवून आण, त्याला चड्डीवर बसव हवं तर.

सोबत काय दिलं

मक्याचा पाव चार तुकडे, फडक्यात. उकडलेली रताळी. भोपळ्याच्या बिया. एक रिकामी पिशवी, दणकट, घट्ट नाड्यांची, जीन्ससाठी.

टेबल

पत्त्यावरची खोली न्हाव्याच्या दुकानावर होती. न्हावी म्हणाला, मिस्टर क्लीवॉन कामावर आहेत, दोन गल्ल्या सोडून. मी म्हणाले, गोदी तर तिकडे नाही. तो म्हणाला, गोदीचं कोण बोललं.

दोन गल्ल्या सोडून एका चर्चचं देणगीच्या कपड्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे पत्र्याची लांब शेड. शेडमध्ये छातीएवढ्या उंचीचं टेबल आणि टेबलाच्या एका टोकाला कपड्यांचा डोंगर. तिथे माझा भाऊ उभा होता. तपकिरी सैल पँट, कमरेच्या वर रुंद पट्टा आवळलेला. एक कपडा उचलायचा, उजेडात धरायचा, उलटायचा, डावीकडे किंवा उजवीकडे टाकायचा. डावीकडचे दुकानात जात होते. उजवीकडचे दाबून गठ्ठे बांधायला, चिंध्या म्हणून.

त्याने मला पाहिलं. हातातला शर्ट नेमका डावीकडे टाकला, मग वळला. मान वळली नाही, तो अख्खा वळला, दार वळतं तसा.

"आईने पाठवलं?"

"हो."

"कशावरून कळलं?"

"भोकं नाहीत."

तो आवाज न करता हसला. दोन महिने बाजूला काढत होतो, म्हणाला. चौतीस कंबर, बत्तीस लांबी, एकही इकडची तिकडे नाही.

"आणि गुडघे?"

"गुडघे कोण बघतं?"

"तू कुणाच्या घरात वाढलास रे?" मी म्हणाले.

मी काही विचारलं नाही. जेवणाच्या सुटीत शेडमागच्या पायरीवर मी बसले, तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, आणि त्याने आपणहून सांगितलं. तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये वर टांगलेला पत्रा सुटला आणि परांचीवरून तो खाली आला. पाठीत सळया घातल्या. अकरा आठवडे दवाखाना. तेव्हाच आईच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, म्हणून कळवलं नाही. मग गोदीने परत घेतलं नाही. मग वर्ष गेलं. पहिल्या वर्षी सांगितलं नाही म्हणून दुसऱ्या वर्षी सांगता येईना, कारण दुसऱ्या वर्षी सांगायचं तर पहिल्या वर्षाचंही सांगावं लागलं असतं. ऑगस्टला यावंसं वाटायचं. पण बसमधून उतरून ओसरीपर्यंत जायला वीस पावलं लागतात, आणि आईला सगळं कळायला माझी सहा पावलं पुरतील, म्हणाला.

जीन्स? कामावरच्या जीन्स त्याने दवाखान्यातून आल्यावर एका नव्या पोराला देऊन टाकल्या होत्या. आता त्याला जीन्स चालतच नाही, कमरेची पट्टी सळयांवर रुतते.

संध्याकाळी खोलीवर त्याने कपाटाखालून काठीने एक प्लास्टिकची पिशवी ओढून काढली. दवाखान्याने दिलेली, तीन वर्षं न उघडलेली. आत अपघाताच्या दिवशी अंगात होती ती जीन्स.

"आईला सांगायचं नाही, शपथ घे," तो म्हणाला.

"मग ही कशाला देतोस?"

"मी तुझ्या तोंडाबद्दल बोलतोय."

मी शपथ घेतली.

अठरावी

आईने पिशवी उघडली तेव्हा दोघी मावश्या होत्याच. विलोडीन मावशी सकाळपासून आली होती, जेवणही तिने आमच्याकडेच केलं होतं.

जीन्स जमिनीवर पसरली. ती पसरली म्हणजे फारच पसरली, उकललेल्या माशासारखी. मांड्यांवर भोकं होती, नडग्यांवर होती, शेकड्यांनी. डावा गुडघा उजव्याहून फिका, कारण क्लीवॉन लहानपणापासून डाव्या गुडघ्यावर टेकतो. विलोडीन मावशीने काठी उचललीच नाही. ही त्याची, एवढं म्हणाली.

आई खाली बसली. तिला खाली बसायला वेळ लागतो, आम्ही थांबलो. तिने दोन्ही पायांच्या उकललेल्या कडांवरून अंगठा फिरवला. खालच्या दुमडीपासून नडगी, गुडघा, मांडी, आणि वर कमरेच्या पट्टीतून आरपार. दुसरा पायही तसाच. मग तिने जीन्स उलटी केली. पाठीमागे पट्टीवर एक तपकिरी डाग होता, तळहाताएवढा. त्यावर तिने हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"ही उसवलेली नाही," ती म्हणाली. "कात्री आहे. मोठी. खालून वर, मधे कुठे थांबली नाही. शिवण टाळलेली नाही, सरळ शिवणीवरून गेलीय." मग थोड्या वेळाने: "आडव्या माणसाच्या अंगावरून काढलीय. त्याला उचलायचं नव्हतं."

मोझेल मावशीने डोळ्यांना रुमाल लावला. आईने तिला म्हटलं, माणूस जिवंत आहे मोझेल, आत्ताच नको. मग माझ्याकडे वळली.

"चालतो का?"

मी म्हणाले, मी शपथ घेतलीय.

"बोलायची नाही ना?"

"हो."

"मग बोलू नकोस. चालून दाखव."

मी उठले. ओट्यापासून दारापर्यंत क्लीवॉनसारखी चालले. खांदे हलत नाहीत. पावलं आखूड, पण नेमकी, उजवं जरा आधी टेकतं. दाराशी अख्खी वळले आणि परत आले.

"पुन्हा."

मी पुन्हा चालले.

"काहीतरी खाली पडलंय. उचल."

मी पाठ फळीसारखी ताठ ठेवून, ओट्याची कड धरून, गुडघ्यांत खाली गेले आणि शेंगेचं टरफल उचलून वर आले. वर येताना क्लीवॉन श्वास धरतो, मीही धरला. सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात उभी आहे मी, कुणासमोर नाटक केलेलं नाही. पण चूक होऊ नये असं मला इतकं कधीच वाटलं नव्हतं.

"बसतो कसा?"

बसून दाखवलं.

"झोपतो कसा?"

ते मला माहीत नव्हतं.

"बरं," आई म्हणाली. "हात दाखव आता. काम काय करतो?"

मी उचललं, उजेडात धरलं, उलटलं, डावीकडे टाकलं. उचललं, धरलं, उलटलं, उजवीकडे टाकलं. चार-पाच वेळा केल्यावर विलोडीन मावशीच म्हणाली, कपडे निवडतो. जुने. मग तिने खोक्याकडे पाहिलं, आणि आम्ही सगळ्यांनीच पाहिलं.

भांडण

एका जीन्सची गोधडी होत नाही. फार तर उशी होते. विलोडीन मावशीचं म्हणणं, उशी कर. रीत म्हणजे रीत. सतरा परक्या माणसांच्या घामात आपलं पोर गुंडाळायचं नाही.

आईचं म्हणणं, गोधडी कामाच्या कपड्यांची असते. तो तीन वर्षं काम काय करतोय? हेच कपडे. रोज हातात धरतो, उजेडात बघतो. या सतरा त्याने दोन महिने एकेक करून निवडल्या. अंगात घातल्या नाहीत, हातात घातल्या. म्हणजे त्याच्या कामाच्याच झाल्या.

"असं म्हटलं तर न्हाव्याची गोधडी गावाच्या केसांची होईल," मावशी म्हणाली.

"विलोडीन, होझियाच्या गोधडीत त्याच्या भावाचा शर्ट आहे. तिसरी ओळ, खालून. मला पहिल्या दिवशी दिसला. एकोणीस वर्षं मी काही बोलले का?"

"अस्तराला कापड कमी पडलं म्हणून घातला," मावशी म्हणाली.

"अस्तर वर कुठून आलं?"

मावशी उठून ओसरीवर गेली. आम्हाला वाटलं घरी गेली. थोड्या वेळाने ती आत आली, खोक्यातली ट्रकवाल्याची जीन्स तिने मांडीवर घेतली, आणि आतल्या शिवणीला ब्लेड लावलं.

गोधडी, मधून बाहेर

मधे अठरावीचे चार तुकडे. कात्रीची कड आईने सरळ करू दिली नाही, जशी होती तशीच दुमडली, त्यामुळे मधला चौकोन चौकोन नाही, जरा कलता आहे. भोकांना ठिगळ नाही. खाली पिवळी चादर घातली, ती भोकांतून दिसते. डागाचा तुकडा आईने दोनदा धुतला, थोडा राहिला, तोही घेतला.

त्याभोवती सतरा जणांचे गुडघे. फरशीवाला, ट्रकवाला, बुटका, तंबाखूवाला. त्याबाहेर खिशांखालचे गडद चौकोन. कडेला पोटऱ्या.

सुई सहा वेळा तुटली. दुहेरी शिवण असलेल्या जागी जीन्सच्या कापडातून सुई हाताने निघत नाही, पकडीने ओढावी लागते. मेण लावलेला दोरा, ओबडधोबड टाके, बोटभर अंतराने. गोधडी ताणायची चौकट छताला टांगलेली, चार बाजूंना चार जणी. चौथी मी, पण आईच्या बाजूचे अर्धे टाके मी घातले, कारण दुपारी चारनंतर तिला निळ्यावर निळा दोरा दिसत नाही. ते मी तिला कळू दिलं नाही. तिने अंगठा फिरवून पाहिलं असणार.

पाच आठवडे.

मोबील

मी एकटी घेऊन जाते म्हटलं तर आईने टोपी घातली. बसमध्ये गोधडी तिच्या मांडीवर होती, आणि तिच्या मांडीला मुंग्या आल्या तरी तिने ती मला दिली नाही.

वाटेत तिने ठरवलं होतं, की त्याला घरी चल म्हणायचं. मला दोनदा म्हणून दाखवलं. खोली आवरायची, त्याचा पलंग भिंतीकडून खिडकीकडे घ्यायचा. न्हाव्याच्या दुकानाजवळ उतरलो तेव्हा क्लीवॉन शेडवर होता, म्हणून आम्ही तिकडेच गेलो. आई दारात थांबली. तिने त्याला हाक मारली नाही. तो उचलत होता, उजेडात धरत होता, टाकत होता. एक बाई आतून आली आणि तिने त्याला विचारलं, मिस्टर क्लीवॉन, हा कोट ठेवू का काढू, आणि त्याने कोटाची बाही पाहून सांगितलं. आई बराच वेळ पाहत होती. त्याने बाही बघितली, मला म्हणाली, बरोबर बघितली. घरी चल हे ती त्या दिवशी बोलली नाही, नंतरही बोलली नाही.

खोलीवर तो दार उघडून बाजूला झाला. गोधडीचं गाठोडं घ्यायला त्याने हात पुढे केले. आईने दिलं नाही.

"वळ," ती म्हणाली.

"आई, मी बरा आहे."

"वळ म्हटलं ना."

तो वळला. तिने त्याचा शर्ट वर केला, पट्टा सोडवला, आणि मणक्यावरून अंगठा खाली नेला, मानेपासून कमरेपर्यंत. व्रण एक वीत लांब होता. टाके किती, ते तिने मोजले. एकवीस. कुणीतरी घाईत घातलेत, म्हणाली, पण उसवणार नाहीत.

मग मी गोधडी पलंगावर टाकली. त्याने मधला तुकडा ओळखला. बाकीच्या तुकड्यांकडे पाहिलं, आणि ते बघता बघता तो पलंगाची कड धरून हळूहळू खाली बसला. आईने ते बसणंही शेवटपर्यंत पाहिलं. मी दाखवलं होतं त्यापेक्षा त्याला जास्त वेळ लागला.

"वर्नाने सांगितलं?" त्याने विचारलं.

"वर्ना एक शब्द बोलली नाही. तू सांग."

"तुला सगळं कळलंय की."

"मला कापडाचं कळलंय," आई म्हणाली. तिने खोलीतली एकुलती एक खुर्ची त्याच्यासमोर ओढली, बसली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "त्या दिवशी सकाळपासून सांग. काय खाऊन गेला होतास?"

त्याने आठवून पाहिलं.

"अंडी," तो म्हणाला. "दोन अंडी आणि आदल्या दिवशीचा मक्याचा पाव."

"बरं," आई म्हणाली. "पुढे."